साहेबांच्या घरचा शुक्रवारचा जप

देवीला कारखान्यातल्या प्रमोशनच्या यादीत काही रस असेल असं मला कधी वाटलं नाही. पण नव्वद सालानंतरच्या त्या काही वर्षांत, बंगलोरमध्ये, माझ्या नवऱ्याच्या खात्यातले झाडून सगळे अधिकारी तसं मानत होते. निदान शुक्रवारी संध्याकाळी तरी.

नवरा एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. आम्ही दोघंही बेळगावकडचे, लग्नानंतर इथे आलेलो. त्याच्या खात्याचे मोठे साहेब मल्लेश्वरमला राहायचे. मराठीच, पण पिढ्यान् पिढ्या इथे मुरलेले. बोलण्यात निम्मं कानडी. एका नवरात्रात त्यांना कुणा स्वामींकडून देवीच्या नवार्ण मंत्राची, म्हणजे नऊ अक्षरी मंत्राची, दीक्षा मिळाली आणि त्यांनी घरी सामुदायिक जप सुरू केला. आमंत्रण असं कुणाला नव्हतं. मीटिंग संपताना साहेब फक्त एवढंच म्हणाले, "शुक्रवारी घरी जप आहे. ज्याची श्रद्धा असेल त्याने यावं."

त्या शुक्रवारी श्रद्धा अशी उसळली की साहेबांच्या फाटकाबाहेर स्कूटर लावायला जागा उरली नाही. एक गृहस्थ तर कँटीनमध्ये देवाला चार शिव्या घातल्याशिवाय कॉफीचा घोट घेत नसत. तेही कपाळभर कुंकू लावून पहिल्या रांगेत. बायका रेशमी साड्यांत. या मंत्राने आमच्या यांचं ब्लडप्रेशर कसं उतरलं, हे त्या पहिल्याच दिवशी एकमेकींना सांगत होत्या; जप अजून सुरू व्हायचा होता.

माझे वडील सप्तशतीचा पाठ करायचे, त्यामुळे ती बीजाक्षरं लहानपणापासून कानावरून गेलेली. ऐं सरस्वतीचं, ह्रीं लक्ष्मीचं, क्लीं कालीचं. साहेब ह्रींला 'रीम' म्हणायचे. मग सगळी बैठक 'रीम' म्हणायची. एका बिचाऱ्याने सवयीने नीट उच्चार केला, तर शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. साहेबांचे डोळे उघडले की आवाज चढायचे, मिटले की उतरायचे. कुणी जांभई दिली तर ती हात जोडून द्यायचा.

जपानंतर साहेब प्रवचन करत. मंत्र म्हणजे हाय व्होल्टेज, गुरू म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आपण म्हणजे साधे बल्ब. माना डोलायच्या. तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, पण या मंत्राचा अर्थ काय?"

साहेब दयेने हसले. "अर्थ विचारायचा नसतो अम्मा. दिवा लावताना वीज कुठून येते विचारतेस का?"

"मी नाही विचारत. पण तुम्ही इंजिनिअर आहात."

कुणी हसलं नाही. पुढच्या शुक्रवारी फाटकाशीच नवरा म्हणाला, "तू आत मदतीला जा. हात जोडतो."

आत साहेबांच्या पत्नी होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. एवढ्या माणसांचं चित्रान्न म्हणजे फोडणीचा भात, कोसंबरी म्हणजे कोशिंबीर, आणि केसरीभात, म्हणजे आपला शिराच, हे सगळं त्या एकट्या करत. बाहेर देवी म्हणजेच शक्ती, स्त्री म्हणजेच देवी असं चाललेलं असायचं आणि मधेच हाक यायची, "कॉफी झाली का?"

"बस गे," अक्का म्हणाल्या. "त्या काकड्या चीर स्वल्प. बाहेर काय बोललीस ते कळलं मला."

मी घाबरले. त्या मात्र गालात हसत होत्या. "तुझ्या नवऱ्याला काय पाहिजे?"

"सगळ्यांना पाहिजे तेच."

"मग त्याला सांग, मोठ्यानं म्हण. यांना मागचं ऐकू येत नाही."

मी नवऱ्याला तसं सांगितलं. त्याने आवाज वाढवला नाही. पण घरी, दाढी करताना, कुकरची शिट्टी मोजताना, त्याचे ओठ हलू लागले. मी म्हणायची, "साहेब न्हाणीघरात नाहीत, ऐकायला." तो म्हणायचा, "मला बरं वाटतं गं." माझा विश्वास बसला नाही. यादी लागली तेव्हा पहिली रांग सगळी वर गेली, कँटीनवाले गृहस्थ सगळ्यांत आधी. नवरा होता तिथेच. तरी तो शुक्रवारी गेला. मी समजले, डोळा पुढच्या यादीवर.

मग साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात हार, शाल, भाषणं. एकाने तर रडत रडत सांगितलं की हा शुक्रवार आपल्या प्राणांबरोबरच सुटेल.

लगेचच्या शुक्रवारी नवऱ्याने धोतर नेसायला घेतलं. "आता कुणासाठी?" मी विचारलं.

"शुक्रवार आहे ना."

मीही निघाले. अक्कांसाठी म्हटलं, पण खरं म्हणजे कोण कोण येतंय ते बघायला.

कुणीही आलं नव्हतं. दिवाणखान्यात सतरंज्या भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या होत्या. साहेब फाटकाशी उभे होते. आम्हाला बघून म्हणाले, "बसचा काहीतरी घोळ झालेला दिसतो." त्यांच्याकडे येणाऱ्यांतलं कुणीही बसने येत नसे.

नवरा शेवटच्या रांगेच्या जागी जाऊन बसला आणि डोळे मिटून म्हणू लागला. साहेब पुटपुटले, "पुढे ये. ऐकू येत नाही." तो पुढे सरकला. स्वच्छ उच्चार, कसलीही घाई नाही. साहेब त्याच्याबरोबर म्हणू लागले, मग अडखळले, मग नुसतेच ओठ मिटून ऐकत राहिले. अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सतरंजीवर बसल्या. साहेबांनी सवयीने विचारलं, "कॉफी?"

"नंतर."

"तूही म्हण मग."

"मला नको. मी नुसती बसते. पाय दुखतात."

नवऱ्याला सुनावायला एक वाक्य मी वाटेतच तयार करून ठेवलं होतं. ते तिथे कुठे बसवता येईना. मी काही विरघळले नाही. एवढंच कळलं की इतके दिवस घरात मी ज्याची टर उडवत होते तो माणूस त्या गर्दीतला नव्हता.

प्रसाद सगळा उरला. अक्कांनी सवयीने नेहमीइतकाच केला होता. आम्हाला दोन मोठे डबे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये दारोदार वाटत सुटले, मुद्दाम. शेजारच्या बाईंनी, त्या ब्लडप्रेशरवाल्यांतल्याच एक, वाटी घेतली, डोळ्यांना लावली.

"अय्यो, काल जप होता का? आम्ही साफ विसरलोच!"

"शुक्रवार होता," मी म्हटलं.

त्यांनी उभ्याउभ्याच केसरीभाताचा घास घेतला. छान झालाय म्हणाल्या. मग माझ्या जवळ येऊन, आवाज उतरवून विचारलं, "नव्या साहेबांना कशाची आवड आहे, तुमच्या यांना काही कळलं का?"