मावशी सामान्य कशी झाली

माझी मावशी सरकारी नोकरीत प्रवासी होती. म्हणजे प्रवासी असणं हेच तिचं काम. विमान सुरक्षा खात्याच्या गोदामात अर्धं विमान ठेवलेलं होतं; त्याला ना पंख ना शेपूट. नव्या खुर्च्या, नवे पट्टे, नवी दारं आली की त्यात धूर सोडायचे आणि मावशीसह खात्यातली माणसं जीव मुठीत धरून बाहेर पळायची. मावशीच्या मांडीवर एक कापडी बाळ असायचं, कारण काही प्रवाशांजवळ तान्हं मूल हवंच असा नियम होता. खऱ्या विमानात ती जन्मात बसली नव्हती. तरी कुणाकडे गेली की आधी दार कुठे आहे ते बघायची आणि मगच टेकायची. काका म्हणायचे, लग्नातही हिने तेच केलं होतं, फक्त पळाली नाही एवढंच.

मग सरकारने सुरक्षेच्या नियमांचा फेरआढावा घ्यायला समिती नेमली. समितीने पहिल्याच चाचणीत मावशीला पकडलं. इतरांना धूर दिसायच्या आत ती बाळासकट दाराला लावलेल्या घसरगुंडीवरून खाली. अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं नियम ज्या वेळेवर बेतले ती वेळ मुळात या बाईंची आहे. सामान्य प्रवासी असा नसतो. तो गोंधळतो, पट्ट्याशी झटापट करतो, वरच्या कप्प्यातली बॅग काढत बसतो. मुद्दा बरोबर होता, हेच तर दुखणं. पुढच्या चाचणीपर्यंत मावशीने सामान्य व्हावं, नाहीतर घरी बसावं, असं ठरलं. "जे येतं ते सगळं विसरून जा," अध्यक्ष म्हणाले.

आता विसरायचा क्लास कुठे असतो? आम्ही घरीच काढला. जेवणाच्या खुर्च्या रांगेत मांडल्या, काकांनी तवा तापवून धूर केला, मी हवाईसुंदरी होऊन ओरडायचे. मावशी उठायची ती थेट फाटकाबाहेर. "अगं, रेंगाळ की जरा," काका कळवळून सांगायचे. त्यांचं दुकान कधीच बसलं होतं आणि घर तिच्या नोकरीवर चालायचं. शेवटी जमलं. ती पट्ट्यात अडकू लागली, बॅगेसाठी आम्हाला कोपरं मारू लागली. हे इतकं अंगात भिनलं की एकदा दूध उतू गेलं तर तिने आधी पर्स शोधली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही.

चाचणीला माणसं कमी पडली म्हणून घरच्यांनाही बसवलं होतं. मी तिच्या मागच्याच रांगेत होते. धूर सुटला आणि मावशी झकास गोंधळली. वाट अडवून उभी राहिली, दोन्ही हातांनी बॅग ओढली, आम्हा सगळ्यांचा खोळंबा केला आणि बॅगेला कवटाळून खाली घसरली. समितीचे लोक माना डोलावत होते. अध्यक्ष पुढे होऊन म्हणाले, "अभिनंदन, बाई. अगदी सामान्य."

मावशीने हातातल्या बॅगेकडे पाहिलं आणि पांढरीफटक पडली. बॅग टाकून ती घसरगुंडी उलटी चढायला लागली. हातभर वर जायची, पुन्हा तेवढीच खाली यायची. खाली हशा पिकला. कशीबशी ती धुरात शिरली आणि खोकत, बाळाला छातीशी धरून बाहेर आली.

अध्यक्ष वैतागले. "बाई, ते कापडाचं आहे. तुम्हाला माहीत नाही का?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळं विसरून जा," मावशी म्हणाली. "विसरले मी."

हे कोणत्या रकान्यात घालावं ते समितीला कळेना. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी सुधारित नियम आले: तान्ह्या मुलामुळे चाचणीच्या वेळेत अडथळा येतो, सबब मूल वगळण्यात यावे. मावशीची नोकरी राहिली, बाळाची गेली. ते भंगारात निघालं तेव्हा मावशी त्याला घरी घेऊन आली. आता ते आमच्यात सोफ्यावर बसतं, आणि दारावरची बेल वाजली की मावशी आधी त्याला उचलते आणि मग दार उघडते.