मातीच्या ढिगातला वेडा राघू

वटार गावात आमच्या घरामागे नवी खोली बांधायची ठरली तेव्हा जोत्यात भरायला ट्रकभर माती आली. ढीग अंगणात ओतला गेला आणि मुकादम जो दुसऱ्या कामावर गेला तो बरेच दिवस फिरकलाच नाही. मधल्या काळात वेड्या राघूच्या एका जोडीने त्या ढिगात बीळ खोदलं.

चिमणीएवढा हिरवागार पक्षी, डोळ्यांवर काजळाची रेघ, शेपटीतून निघालेली बारीक काडी. कपड्यांच्या दोरीवरून झेप घ्यायची, हवेतच माशी टिपायची, परत येऊन ती आपटून आपटून गिळायची. मग बिळात शिरून पायांनी मागे माती उडवायची. ती माती नेमकी आईच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर.

अखेर मुकादम माणसं आणि फावडी घेऊन आला. मी ढिगासमोर उभी राहिले.

"आत अंडी असतील. पक्षी दुर्मीळ असेल बहुतेक."

मुकादम बिचकला. आई मात्र भडकली. "दुर्मीळ? म्हणजे माणसं कॅमेरे घेऊन दारात येणार. त्यांना चहा कोण करणार, तू?"

मी फोनवर शोधलं. जगभरातल्या पक्ष्यांपैकी कोणाला किती धोका आहे, ते तिथे दिलं होतं. आमचे पाहुणे 'फारशी काळजी नको' या वर्गात निघाले. माझा चेहराच पडला.

"म्हणजे साळुंकीसारखा साधाच?" आईने विचारलं.

"हो."

"कोणी बघायला येणार नाही ना?"

"कोणी नाही."

"मग राहू दे त्यांना."

"मावशी, मी जोतं कशाने भरू?" मुकादम म्हणाला.

"पलीकडून माती घे की! बीळ तेवढं सोड."

त्याने पुटपुटत माती काढली. ढीग एका बाजूने उभा कापलेल्या केकसारखा दिसू लागला. मांजर येऊ नये म्हणून आईने भोवती बोरीच्या काटेरी फांद्या लावल्या आणि मिरच्या गच्चीवर नेल्या.

खोलीच्या भिंती कमरेपर्यंत आल्या तेव्हा एका सकाळी आखूड शेपटीची पिल्लं कपड्यांच्या दोरीवर ओळीने बसलेली दिसली. आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्यांच्यासमोर उभी होती.

"आता हे कुठे वाळत घालू?" ती माझ्यावरच खेकसली, जणू मीच त्यांना आवतण धाडलं होतं.

मग तिने चादरी नव्या खोलीच्या अर्धवट भिंतींवर पसरल्या आणि मुकादमाला सांगितलं, "आज सुट्टी घे."