चाकांशिवायचा नेम

आदिलाबादकडच्या तामसी गावातल्या शाळेतली कवायतीची बाई चंद्रभागा मैदानावर उभी राहिली की माणसाच्या नजरेत आधी भरायची ती तिची पाठ. रुंद, ताठ, जणू ओळंबा धरून बांधलेली भिंत. बाप देवाजी, आई बयनाबाई, दोघांचाही जन्म दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचता वेचता वाकून गेला. लेकीची पाठ मात्र नऊ वर्षांच्या तिरंदाजीनं घडवली होती.

ते धनुष्य साधंसुधं नव्हतं. धातूचं, दोन्ही टोकांना चाकं, नेम धरायला बारीक भिंग, बाण सोडायला खटका. त्याची गंमत अशी, की दोरी पूर्ण ओढली की चाकं फिरतात आणि हातावरचा भार उतरतो. मग निवांत थांबा, नेम धरा, खटका दाबा. या धनुष्यावर चंद्रभागेनं कपाटभर चषक मिळवले. पण धनुष्य होतं क्रीडा कार्यालयाचं, आणि दोन हजार सातच्या नोव्हेंबरात कार्यालयानं ते परत मागितलं.

"नव्या पोरीयले द्याचं हाय, मॅडम," कार्यालयातले उद्धवराव पेटीला कुलूप लावत म्हणाले.

"मंग जानेवारीतल्या स्पर्धेत मी कायनं खेळू?"

"बांबूच्या धनुष्याच्या गटात बायांची एक जागा हाय. जिंकली तं हैदराबादले, राज्याच्या स्पर्धेत." उद्धवराव हसले. "पण ते तुमच्याच्यानं व्हत नाही. तुमचा नेम चाकात व्हता मॅडम, हातात नाही."

गडी हसत बोलला, सहज बोलला. पण बाण बसला तो बसलाच. कारण हे खोटं आहे असं छातीठोकपणे सांगायला चंद्रभागेजवळ काही नव्हतं. नऊ वर्षांत तिनं दुसरं धनुष्य हातात धरलंच नव्हतं. नेम तिचा होता की यंत्राचा, हे आता जानेवारीतच कळणार होतं.

पुढच्या रविवारी ती निघाली. सासू द्वारकाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. "शाळा सोडून शिकारीले चालली का वं? येताना ससा आणजो."

आदिलाबादला बस बदलून, मावला गाव मागे टाकून, ती इंद्रवेल्लीला उतरली आणि तिथून पायी कोलाम आदिवासींच्या गुड्यावर, म्हणजे पाड्यावर गेली. भीमू टेकाम हा तिथला धनुष्य करणारा. म्हातारा, काटकुळा, तोंडात दात चार. पण हात असे की बांबूनं स्वतःहून वाकावं. त्यानं पाच धनुष्यं कुडाला टेकवून ठेवली.

"यातलं कोनतं किती पौंडाचं हाय, भीमूबा?" ओढ पौंडांत मोजायची सवय असलेल्या चंद्रभागेनं विचारलं.

"पौंड कोन? ह्ये भीमूचं हाय."

तिनं पाचही ओढून पाहिली आणि सगळ्यांत जड ते उचललं. चाकाचं जड धनुष्य ती लीलया ओढायची, मग बांबूची काय कथा? म्हाताऱ्यानं मान हलवली, पण गिऱ्हाइकाची हौस मोडली नाही. निघताना एवढंच म्हणाला, "बाई, सांज झाली का निजवत जा त्याले."

चंद्रभागेनं शब्द अगदी मनावर घेतला. रोज संध्याकाळी सराव झाला की ती धनुष्य जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि खाटेवर आडवं निजवायची. वर उशीसुद्धा. द्वारकाबाई म्हणायची, "नातवाले कधी एवढं जपलं नाही बापा."

पहिले चार दिवस बाण सणसणत गेले. आठव्या दिवशी ते खाली लागू लागले. बाराव्या दिवशी तीस मीटरवरच्या पाटीपाशी पोचायच्या आधीच एक बाण मातीत शिरला. उद्धवराव खरं बोलला होता की काय?

ती तरातरा भीमूकडे गेली. त्यानं धनुष्याची दोरी उतरवली. बांबू सरळ व्हायला हवा होता. तो तसाच वाकलेला राहिला, बसल्या जागी म्हातारा झाल्यासारखा.

"निजवलं नाही तुमी."

"रोज निजवलं. खाटेवर, लुगड्यात."

"आन् दोरी?"

"दोरी व्हती की चढलेली."

भीमूनं तिच्याकडे पाहिलं, खाटेचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं, आणि तो असा हसला, असा हसला, की त्याची बायको हातातलं पीठ झाडत बाहेर आली. तिला कोलामीत हकिगत कळली, मग तीही हसत खाली बसली. शेवटी डोळे पुसत भीमूनं सांगितलं, "निजवनं म्हंजे दोरी उतरवनं, बाई. दोरी चढली का ते जागं. बारा दिवस तुमी त्याले जागं ठेवलं. थकलं बिचारं."

चाकाच्या धनुष्याची दोरी वर्षभर उतरवायची नसते. चंद्रभागेची चूक त्या सवयीतली होती. ती आधी शरमली, मग तिलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यात मनातली धास्ती विरघळून गेली. नेम नव्हता गेला. धनुष्य झोपेला मुकलं होतं, इतकंच.

"आता म्या सांगतो तसं घ्या," भीमू म्हणाला. "डोये मिटा. गालापरेंत ओढा. तीन मोजा."

उरलेल्या चारांतली जड दोन तिनं ओढली. तीन म्हणेपर्यंत हात लटपटले. इथं भार उतरवायला चाकं नव्हती, जितकं ओढावं तितका भार वाढत होता. तिसरं हलकं, पण बुटकं. ओढलं की कुरकुरलं. चौथं जमिनीवर उभं केलं तर तिच्या नाकापर्यंत आलं, पेरं सारखी, कुठे गाठ फुगलेली नाही. दोरी गालापर्यंत आली आणि तीन मोजूनही हात दगडासारखा स्थिर.

"हे."

"हे," भीमूही म्हणाला. "पण धरून बसू नोका. गालाले लागलं का सोडा."

जानेवारीत आदिलाबादच्या मैदानावर शेवटी दोघीच उरल्या. समोर होती जयवंताबाई कुमरे, वनखात्यातली, लहानपणापासून बांबूच ओढलेली. तिचे बाण संपले, आणि चंद्रभागेचा एकच राहिला. बरोबरीला आठ गुण हवे, जिंकायला नऊ.

तिनं ओढलं. त्याच क्षणी मैदानावरचा भोंगा किंचाळला आणि दोरी गालाशी अडली. नऊ वर्षांची सवय म्हणाली, थांब, निवांत नेम धर. पण इथं भार उतरणार नव्हता. चंद्रभागेनं बाण सोडला नाही आणि धरूनही बसली नाही. तिनं दोरी सावकाश परत नेली आणि धनुष्य खाली घेतलं. लोक कुजबुजले.

"काऊन थांबली व?" जयवंताबाईनं बाजूनं विचारलं.

"भोंग्याले बोलू देतो पयले."

जयवंताबाई खुदकन हसली. भोंगा गप्प झाला. चंद्रभागेनं पुन्हा ओढलं, गालाला दोरी लागली, आणि बाण गेला. पिवळ्या वर्तुळात ठक्क करून रुतला. पंचानं वाकून पाहिलं, सरळ झाला, आणि नऊ बोटं वर केली.

तामसीहून बस भरून आलेली माणसं बाकांवर चढली. द्वारकाबाईला वर चढता येईना, तर तिनं शेजारच्या अनोळखी बाईलाच मिठी मारली. उद्धवराव मैदान ओलांडून आले. त्यांनी चंद्रभागेच्या हातातलं धनुष्य घेतलं, वर-खाली फिरवलं, बोटानं चाचपलं. ना भिंग, ना खटका, ना एखादी खूण.

"मॅडम, नेम कशावर धरता हो?"

"बाणाच्या टोकावर. बाकी हातावर."

उद्धवरावांनी धनुष्य दोन्ही हातांनी परत दिलं. मग ते ध्वनिक्षेपकाकडे गेले, आणि चंद्रभागा देवाजी वाघमारे हे नाव त्यांनी आधी तेलुगूत, मग मराठीत, आणि कुणी न सांगता तिसऱ्यांदा हिंदीतही पुकारलं. आवाज दर वेळी थोडा चढत गेला. रुंद पाठ ताठ ठेवून ती हैदराबादच्या यादीवर सही करायला निघाली.