इस्माईलचाचांचे काळे डॉलर

इस्माईलचाचांच्या घरी गेलं की ते आधी साबणानं हात धुवायला लावत, आणि धुतलेल्या हातांनी नाण्यांना बोटही लावू देत नसत. "डोळ्यांनी बघ. हात लावलास तर हात तोडीन!" हे आखातातल्या रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीच्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाई. दापोलीकडचा माणूस, आवाज समुद्रावरचा. तरुणपणी फुजैराच्या बंदरात असताना खलाशांकडून एकेक करत घेतलेले अमेरिकेचे चांदीचे जुने डॉलर त्यांनी मखमलीच्या पेटीत ठेवले होते. सगळे काळपट, कडेला निळसर झाक.

मी शेजारीण. माझं तोंडही काही कमी नाही, म्हणून आमचं जमलं असावं. "चाचा, जरा चमकवा की," मी एकदा म्हटलं, तर अंगावर आले. "गो, हा काळा थर म्हणजे नाण्याचं वय. तो घासलास की खलास! मग नुसती चांदी उरते, वजनावर विकायची." मला हे दहादा ऐकवलं. खतिजाचाचीला मात्र कधी समजावून सांगितलं नाही. तिला फक्त हुकूम: "पेटीपासून लांब राहा!" मीठ जास्त झालं तरी ताट सरकवणारा नवरा, ती बिचारी कशाला विचारायला जातेय!

साठी उलटल्यावर गोदामातलं काम त्यांना झेपेना. नाणी विकायची, गावच्या घरावर नवं छप्पर घालायचं आणि दोघांनी कायमचं परत जायचं, असं ठरलं. खलिफा सिटीतला, सवयीनं इंग्रजीतच बोलणारा एक मराठी मुलगा गिऱ्हाईक म्हणून येणार होता. "इन्शाल्ला, शुक्रवारी सौदा. मग नोकरीला सलाम!" चाचा महिनाभर हेच बोलत होते. चाचीनं तर बॅगासुद्धा काढल्या होत्या.

त्या शुक्रवारी पेटी मेजावर काढून ठेवून चाचा नमाजाला गेले. चाचीनं मला मदतीला बोलावलं म्हणून मी गेले, आणि दारातच थबकले. टॉवेलवर सगळे डॉलर मांडलेले, आरशासारखे लख्ख. शेजारी चिंच, मीठ आणि टूथपेस्टची ट्यूब.

"पाहुणा येणार, आणि हे असले काळे दाखवायचे?" चाची घाम पुसत हसली. "खूश होतील बघ तुझे चाचा."

मी तोंड उघडणार, तोच चाचा त्या मुलाला घेऊन आत आले.

त्यांची नजर टॉवेलवर गेली. मानेवरची शीर टरारून फुगली. आता फुटतात, या विचारानं मी चाचीचा हात घट्ट धरला. मुलानं मेजाशी बसून भिंग काढलं, एक नाणं बघितलं, दुसरं बघितलं, आणि भिंग खाली ठेवलं. "अंकल, दीज आर क्लीन्ड. ऑल ऑफ देम. हू डिड धिस?"

चाचीला तेवढाच एक शब्द कळला. "क्लीन म्हणतोय ना? मी केलं!"

मुलगा तिला सांगायला वळला. चाचांनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. "नो, बेटा. माय फॉल्ट. आय नेव्हर टोल्ड हर. प्लीज." मग चाचीकडे वळून, उभ्या जन्मात न काढलेल्या हळू आवाजात म्हणाले, "खतिजा, पोरगा म्हणतो, एवढी चकचकीत नाणी कधी बघितली नाहीत. पण आता माझंच मन होईना गो द्यायला. राहू देत आपल्याकडंच."

"अहो, आणि गावाला जायचं?" चाचीचा चेहरा उतरला.

"जाऊ की. घाई कसली?"

मुलाला सोडायला चाचा आणि मी जिन्यापर्यंत गेलो. तो गेल्यावर चाचा पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला रडू आवरेना. तेवढ्यात माझ्यावरच खेकसले, "तोंड उघडलंस तर बघ! कळलं तर ती जन्मभर स्वतःला खाईल."

शनिवारी ते परत गोदामावर गेले. पुढची दोन वर्षं जात राहिले, आणि एका उन्हाळ्यात तिथंच छातीत कळ येऊन गेले. त्यांना दफनही इथंच केलं.

चाची आता गावी भावाकडे असते. कधीमधी फोन करते. "सगळं ठरलं होतं गो. पण ऐन वेळी त्यांना नाण्यांचा मोह सोडवेना. माझ्यापेक्षा ती चांदी प्यारी झाली त्यांना." मग बराच वेळ रडते. माझ्या ओठांवर येतं सगळं.

"हो चाची," मी म्हणते.