माहेरघराची कमान

बायजी चाळीस वर्षं सुकऱ्याच्या घरात नांदत होती आणि तिचं लग्न अजून व्हायचं होतं.

यात चोरून-लपवून काही नव्हतं. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यांत ही रीत जुनीच. मुलगी घरात येते, चूल पेटवते, पोरं होतात, आणि लग्न पुढे सवडीनं लागतं, मांडव घालून सगळ्या पाड्याला जेवू घालायची ऐपत आली की. तोवर कुणी नावं ठेवत नाही. अडतं ते फक्त सरकारी कारकुनाचं, कारण त्याच्या फॉर्मवर 'विवाहित' आणि 'अविवाहित' असे दोनच रकाने असतात. रेशनकार्डाच्या वेळी कारकुनाने विचारलं तेव्हा बायजी सरळ म्हणाली, "व्हायचा हाय." कारकुनाने तिच्या कडेवरच्या मुकेशकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि चहाला निघून गेला.

तशी लग्नाची घाई दोघांनाही होती. पहिल्या वर्षी भात पाण्याखाली गेलं. दुसऱ्या वर्षी सासरा गेला. मग छप्पर, मग बैल, मग मुकेशची शाळा. एकदा तर अगदी लागतच आलं होतं. तालुक्याच्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सामूहिक विवाह होता. बायजी नवं लुगडं नेसून, सुकऱ्या उसना सदरा घालून, अशी दोघं टेम्पोतून गेली. बॅनरवर जोडपी छापली होती एकशे एक, आणि रांगेत ह्यांचा नंबर आला एकशे दोन. बॅनर काही बदलता येईना. संयोजकांनी दोघांना जेवायला मात्र बसवलं, दुसऱ्यांच्या लग्नाची बुंदी वाढली आणि पुढच्या वाढदिवसाला लवकर या म्हणून सांगितलं. पुढच्या वाढदिवसाआधी पुढाऱ्याने पक्ष बदलला.

बायजीला लग्नाचं एवढं काय लागलं होतं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. कारणं दोन होती. पहिलं कारण मुकेश. त्याने तीन वर्षांपूर्वी सुषमाला घरी आणलं होतं, आणि आईबापाचं लागल्याशिवाय पोराचं लागत नाही, म्हणजे तोही रांगेत. दुसरं कारण बायजी कुणाला सांगत नसे. तिच्या हातासारखा हात चार पाड्यांत नव्हता. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने ती माणसं, गुरं, ताडाची झाडं अशी मांडायची की बघणारा तिथेच उकिडवा बसे. पण लग्नघरातला चौक तिने कधीच लिहिला नव्हता. हो, चौक काढत नाहीत, लिहितात. त्या चौकोनात पालघट देवी येऊन बसते, आणि तिला बोलावायचा हक्क सवाशिणींचा, ज्यांचं लग्न लागलंय त्यांचा. बायजी सगळ्या लग्नांत पीठ वाटून द्यायची आणि दाराशी बसून बघायची. आपल्यापेक्षा कच्च्या हाताच्या बायका देवीचा चेहरा वाकडा लिहिताना बघून तिचा जीव तळमळायचा. आपल्या पोराचा चौक तरी आपल्या हाताने व्हावा, एवढंच तिला हवं होतं.

चौक सोडून बाकी सगळं तिने काढलं. बोर्डीकडच्या एका रिसॉर्टने तिच्याकडून संडासाच्या दारांवर एक बाई आणि एक बुवा काढून घेतला. अच्छाडच्या ढाब्यावर तिने भिंतभर तारपा नाच काढला, त्याच्यासमोर ट्रकवाले आता बोटं चाटतात. आणि २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तर तिला उसंत म्हणून राहिली नाही. कारण जिल्हा नवा झाल्याबरोबर गावांना टोपणनावांची साथ आली.

डहाणूकडच्यांनी चिकू उचलला. तलासरी नाक्यापुढच्यांनी 'महाराष्ट्राचं प्रवेशद्वार' घेतलं, कारण गुजरातेतून येणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबतो, मग तो चेकपोस्टवर का थांबेना. वाढवणला लोकांनी बंदर नको म्हणून भिंती रंगवल्या. अख्ख्या जिल्ह्यात अर्थ कळेल अशी घोषणा तेवढीच. बायजीचं गाव धामणसरी मात्र मागे पडलं. त्यांनी सुरुवात 'आदर्श गाव'ने केली. मग तोच बोर्ड पांढरा करून 'हागणदारीमुक्त गाव' लिहिलं, आणि लोक सकाळी डबा घेऊन त्याच बोर्डाच्या आडोशाला जाऊ लागले, कारण बोर्ड चांगला रुंद होता. मग 'डिजिटल गाव' आलं. रेंज येते शाळेमागच्या चिंचेवर चढल्यावर. प्रत्येक वेळी बोर्डाच्या चहूबाजूंनी नाचणारी माणसं काढायला बायजीला रोजावर बोलावत. घोषणा बदलायची, माणसं तीच नाचत राहायची.

२०१८च्या उन्हाळ्यात गावाने नामकरण समिती नेमली. समितीचा अध्यक्ष मनिष. त्याचं नाक्यावर सिमेंट-पत्र्यांचं दुकान होतं, खिशात दोन फोन होते, आणि महाबळेश्वरजवळचं पुस्तकांचं गाव बघून आल्यापासून तो 'ब्रँडिंग' हा शब्द बोलायला लागला होता. चार बैठका झाल्या, वडापाव संपले, आणि ठरलं: 'धामणसरी, वारली चित्रांचं माहेरघर'. रस्त्यावर सिमेंटची कमान उभी राहिली. सिमेंट कुठून आलं ते विचारू नये. कमानीच्या मधोमध भिंतीएवढी जागा गेरूने रंगवून तयार ठेवली, आणि मनिष फोनमधला फोटो घेऊन बायजीच्या अंगणात आला.

"आजी, हा डिझाइन पायजे. सेंटरला. बाकी नाचबीच साइडला."

बायजीने फोन डोळ्यांजवळ धरला. कुठल्यातरी लग्नघरातला चौक होता.

"ह्यो मी नाय लिवायची," ती म्हणाली. "माझां लगीन नाय झाला."

मनिष हसला. मग ती हसत नाही हे बघून थांबला. "आजी, पूजा नाय करायचीय. लोगो आहे तो."

"लोगो तुमचा असंल. देवी तर आमचीच ना? सवाशिणी लिवतील. जमनाला सांगते, ती नि आणखी चौघी. पन शेट, आयका. चौक लिवला का त्याच्यावर कपडा टाकतात. कपडा उघडला का समोर नवरा-नवरी उभी लागतात. लगीन लागलाच पायजे. देवीला बोलावून रिकामी नाय धाडायची."

मनिषने वाजणारा दुसरा फोन कानाला लावला. "हो हो, करू ना. सगळं करू. कपडा तर आहेच, जिल्ह्याचे साहेब येऊन उघडणार आहेत. तुम्ही फक्त शुक्रवारपर्यंत द्या."

"मंग लगीन लावायचा?"

"हो म्हटलं ना, आजी!" मनिष ओरडला, पण ते फोनवाल्यावर होतं की तिच्यावर, हे त्यालाही नंतर आठवलं नाही. तो मोटरसायकलला किक मारून गेला. समितीच्या चार बैठकांत जेवढा विचार झाला नव्हता, तेवढा बायजीने त्या अंगणात बसून पुढच्या अर्ध्या तासात केला.

संध्याकाळी सुकऱ्या आला तेव्हा तिने त्याला जवळ बसवलं. सुकऱ्या गरीब माणूस, डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काढून आता घरीच असायचा.

"कमानीम्होरं मांडव घालतात," बायजी म्हणाली. "वापीवरून वाजंत्री येते. शंभर मानसांचा जेवन हाय. साहेबासाठी हार हायेत. जमनाला गाना गायला सांगितलाय. चौक हाय. कपडा हाय."

"मंग?"

"मंग काय? नवरा-नवरी तेवढी नाय."

सुकऱ्याने विडी विझवली. "शेट मारील," तो म्हणाला.

"शेटने हो म्हटलाय."

"त्याला कळला का, काय म्हटला ता?"

"ता त्याचा त्याने बघायचा," बायजी म्हणाली आणि सदरा कुणाचा आणायचा ते सांगू लागली.

जमना म्हणजे सुकऱ्याची चुलत बहीण आणि पाड्याची धवलेरी, लग्न लावताना गाणारी. तिला बायजीने सगळं सांगितलं, तेव्हा ती आधी घाबरली आणि मग इतकी हसली की पाट्यावरचं पीठ सांडलं. पाच सवाशिणींनी कमानीवर चौक लिहिला. परांचीवर चढून, शिड्या धरून, दोन दिवस. बायजी खाली उभी राहून पीठ देत होती. देवीचा डावा हात थोडा आखूड झाला, ते तिला दिसलं. तिने पिठाची पुढची वाटी वर दिली.

शुक्रवारी धामणसरीने एवढी माणसं पहिल्यांदा पाहिली. साहेब दोन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर. मनिषने जाकीट घातलं होतं आणि घामाने भिजून तो माईकवर सांगत होता की आजपासून धामणसरीची ओळख जगाच्या नकाशावर जाणार. समितीने कार्यक्रमपत्रिकेत जमनाच्या गाण्याला दोन मिनिटं दिली होती. त्यानंतर दोरी ओढून अनावरण, मग भाषणं, मग जेवण.

जमना उठली आणि गाऊ लागली. दोन मिनिटं झाली. मनिषने घड्याळ दाखवलं. जमनाने डोळे मिटून घेतले. धवलेरीचं गाणं नवरा-नवरी समोर आल्याशिवाय सुटत नाही, हे कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. पाड्यातल्या बायका एकेक करत तिच्यामागे उभ्या राहून साथ देऊ लागल्या. वाजंत्रीवाल्यांना वाटलं आपलीच खूण झाली, त्यांनीही धरलं. आणि त्या गलक्यातून हळदीने माखलेले सुकऱ्या आणि बायजी चालत आले आणि कमानीसमोर, जिथे साहेबांसाठी लाल गालिचा अंथरला होता, तिथे उभे राहिले. मागे मुकेश आणि सुषमा, कडेवर पोर.

मनिष धावत आला. "आजी, काय चाललंय? बाजूला व्हा, साहेब आहेत!"

"तुमी हो म्हटलात," बायजी म्हणाली.

"कशाला हो म्हटलं मी?"

"लगीन लावायला. अंगनात. माझ्या तोंडावर."

त्याने आजूबाजूला पाहिलं. पाच सवाशिणी दोरीला हात लावून उभ्या होत्या आणि दोरी सोडण्याचं काही लक्षण नव्हतं. पाड्यातले पुरुष हाताची घडी घालून बघत होते, आणि पुढच्या निवडणुकीत मनिषला ह्याच लोकांची मतं हवी होती. तेवढ्यात साहेब खुर्चीतून उठले. त्यांना गेल्या वर्षभरात अशी बारा अनावरणं करून कंटाळा आला होता. ते मनिषचा खांदा थोपटत म्हणाले, "वा! प्रात्यक्षिक ठेवलंय का? उत्तम कल्पना. हे दुसऱ्या गावांनी केलं नाही."

मनिषने जाकीट सारखं केलं. "हो साहेब," तो म्हणाला. "समितीचीच कल्पना."

सवाशिणींनी दोरी साहेबांच्या हातात दिली, त्यांनी ती ओढली. घरच्या लग्नात हे काम भगताचं असतं, पण साहेबांनी बरं केलं. कपडा खाली आला आणि चौक उघडा पडला, आखूड हाताची देवी मध्ये बसलेली. जमनाचा आवाज चढला. साहेबांसाठी आणलेले हार मुकेशने टेबलावरून उचलून आईबापाच्या हातांत दिले. सुकऱ्याने घातलेला हार बायजीच्या अंबाड्यात अडकला. तिने मान खाली घालून तो सोडवून घेतला आणि तिथेच, सगळ्या गावासमोर, ती रडली. चाळीस वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, कारण प्रात्यक्षिक खूपच खरं वाटत होतं.

समितीचं जेवण सगळा पाडा जेवला. बुंदी ह्या वेळी स्वतःच्या लग्नाची होती, बायजीने दोनदा मागून घेतली.

पुढे व्हायचं तेच झालं. लग्नाचा व्हिडिओ चार-दोन फोनवर फिरला, आणि महिन्याभरात समितीने बैठक घेऊन 'चित्रांचं माहेरघर' पुसायचं ठरवलं. नवं नाव 'विवाहनगरी धामणसरी'. मुंबईची जोडपी येतील, कमानीखाली लग्नं लावतील, असा मनिषचा हिशोब. कमानीवरचा चौक त्याला जुना वाटू लागला होता, देवीचा हातही एका बाजूने आखूड. रंगाऱ्याने त्यावर पांढरा हात मारला. त्या जागी नवा चौक काढून घ्यायला मनिष स्वतः बायजीकडे आला.

"आजी, आता तर तुमचं लग्न झालं. आता तुम्हीच काढा तो चौक, मस्त मोठा. तुमचं नावपण टाकू खाली."

बायजी घरात जमिनीवर बसली होती. समोरची भिंत नव्याने सारवलेली होती, वाटीत पीठ होतं, हातात काडी. बाहेर मुकेश आणि सुषमासाठी मांडवाच्या मेढी रोवायचं काम चाललं होतं.

"आज नाय जमायचा, शेट," ती मागे न बघता म्हणाली. "घरी लगीन हाय."

आणि तिने भिंतीवर देवीचा डावा हात लिहायला घेतला, पुरेसा लांब.