पाहुणा रविवारी येत नसे

"बाबा गेले आत्या... एकदम शांतपणे गेले," फोनवर माझा भाचा रडत रडत एवढंच सांगत होता. पुढे भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणाला, शांत मरण आलं, नशीबवान माणूस. लोक चांगल्या मनाने बोलतात, त्यांना काय दोष द्यायचा? पण माझ्या धाकट्या भावाबद्दल, मिलिंदबद्दल, कुणी 'शांत' म्हटलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. सत्तरच्या दशकात, मंगरूळपीरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, ती शांतता मी ओसरीतल्या पाटावर बसलेली पाहिली आहे.

लहानपणी मिलिंद एका जागी बसलेला मला आठवतच नाही. तो चालत चालत जेवायचा आणि पळत पळत पाणी प्यायचा. अर्धं पाणी छातीवर, अर्धं जमिनीवर आणि लोटा गडगडत कोपऱ्यात. "लोटा तं सरळ ठेव ना रे बापा!" असं ओरडण्यात आईचा दिवस जायचा. एकदा शाळेच्या खिडकीतून उतरून तो बसमध्ये चढला आणि थेट दूरच्या धनज गावात सापडला. हेडमास्तरांनी बाबांना बोलावून सांगितलं, की पोरगं असंच राहिलं तर शाळेतून नाव काढावं लागेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वारं लागलं त्याले. दर्ग्यावर तरी न्या, नाई तं भगताले दाखवा." बाबा तहसील कचेरीत कारकून होते. छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी घरातले देव काढले होते, आणि देवांच्या मागोमाग भुतंही गेली असं त्यांचं ठाम मत होतं. "आपल्या घरात भूत नाई," ते म्हणाले. "डाक्टर पायजे, डाक्टर."

गावातल्या डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं. ते उलटंच लागलं. मिलिंद झोपेना, चिडून रडायचा, झोक जायचा तरी पळायचा. मग बाबांनी त्याला नागपूरला नेलं, बसमध्ये हात धरून ठेवायला मला बरोबर घेतलं. तिथले डॉक्टर बराच वेळ नुसते मिलिंदकडे पाहत होते. तो टेबलाखालून निघून खिडकीत पोचला तेव्हा म्हणाले, "याला जागं करणारी गोळी देऊ."

बाबा खुर्चीतून उठलेच. "जागा तं तो हायेच डाक्टरसाहेब! झोपवाची द्या ना."

डॉक्टर हसले. मेंदूचा जो भाग इतर भागांवर लक्ष ठेवतो तोच याचा पेंगतो आहे, त्याला जागं केलं की बाकीचा गोंधळ आपोआप कमी होईल, असं त्यांनी समजावलं. ही सोसली नाही तर दुसरी एक आहे, ती उदासपणावर देतात, पण तिचा गुण यायला वेळ लागतो आणि हृदयाकडे लक्ष ठेवावं लागतं. ही गोळी सकाळी जेवल्यावर द्यायची. भूक मंदावेल. संध्याकाळी देऊ नका, झोप उडेल. आणि रविवारी शाळा नसते, त्या दिवशी गोळीलाही सुट्टी.

पहिल्या दिवशी गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने घरातला आवाज थांबला. आई चुलीपाशी होती, ती दचकून बाहेर आली. मिलिंद ओसरीत पाटावर मांडी घालून बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या भिंतीवर. आईने हाक मारली तर मान वळवून म्हणाला, "काय म्हणतं, आई?" शब्द त्याचेच होते, चेहरा त्याचाच होता... पण आपल्या घरात परकं कुणीतरी बसलंय असं मला वाटलं, आणि आईलाही वाटलं असणार. ती आत गेली, आलेल्या-गेलेल्यासाठी ठेवलेला पितळी लोटा घासून पाण्याने भरला, त्याच्यापुढे ठेवला आणि कसंनुसं हसून म्हणाली, "पाव्हणे, पाणी घ्या." त्याने दोन्ही हातांनी लोटा उचलला, एक थेंब न सांडता पाणी प्यायलं आणि लोटा सरळ ठेवला. आईचं हसू तिथेच विरलं.

थट्टेत सुरू झालेलं ते थट्टेत राहिलं नाही. रोज सकाळी पाहुणा यायचा, रोज त्याला पाट आणि लोटा मिळायचा. आई त्याच्याशी अहो-जाहो बोलायची. ती त्याला कधी रागावली नाही, तिने त्याला कधी जवळही घेतलं नाही. हेडमास्तर खूश, बाबा खूश. उन्हं कलली की पाहुणा उठून जायचा आणि आमचा मिलिंद धाडकन दार उघडून यायचा. रविवारी तर दिवसभर तोच. अशाच एका रविवारी लिंबाच्या फांदीवरून लोंबकळत त्याने मला विचारलं, "ताई, तो काल काय बोलला व?" मी म्हटलं, कोण तो? त्याने ओसरीतल्या रिकाम्या पाटाकडे बोट केलं.

मग तो रविवार आला. गोळी दिलेली नव्हती, मी स्वतः पाहिलं होतं. तरी मिलिंद पाटावर बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर भिंतीवर. आई पाहतच राहिली. "आज कायले आला हा?" ती माझ्या कानात म्हणाली. "माह्यं लेकरू कुठं गेलं?" ज्या घरात भूत नाही असं बाबा सांगत, त्या घरात आई भिंतीला टेकून उभी होती आणि पुढे व्हायची तिची हिंमत होत नव्हती. मीच जवळ गेले. पाहिलं तर त्याच्या पायाची बोटं मांडीखाली वळवळत होती, ओठ दातांत घट्ट धरलेले, कपाळावर घाम. सगळं बळ एकवटून तो नुसता बसला होता.

"मिल्या, काय करून राह्यला तू?"

त्याचा बांध फुटला. "आईले तोच आवडते ना! त्याले लोटा देते, मले रट्टा देते. मी बी बसतो ना मंग..."

आईने त्याला असं ओढून घेतलं की पाट उलटा झाला. ती किती रडली! त्या दिवशी तिने पितळी लोटा भरला आणि तो घेऊन अंगणभर मिलिंदच्या मागे पळत सुटली. "घ्या ना पाव्हणे, पाणी घ्या!" तो हसत पळत होता, दोघं ओलेचिंब झाले होते. पुढच्या खेपेला तीच हट्टाने नागपूरला आली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर गंभीर झाले. "मूल स्थिर व्हायला हवं, विझायला नको. गोळी जास्त होतेय." त्यांनी ती अर्धी केली. अर्ध्या गोळीवर मिलिंद वर्गात बसायचा, हसायचा, अधूनमधून पाणीही सांडायचा. पाहुणा यायचा बंद झाला. मिलिंद मॅट्रिक झाला, गोळी सुटली, आणि पुढे तो बसवर कंडक्टर झाला. चालत्या गाडीत उभं राहायचा पगार मिळतो, याच्यापेक्षा त्याला आणखी काय हवं होतं!

शेवटच्या आजारात भेटायला गेले तेव्हा आईचा पितळी लोटा त्याच्या उशाशी होता. मिलिंद उताणा पडलेला, हात चादरीवर, नजर समोरच्या भिंतीवर. इतक्या वर्षांनी ती नजर मी लगेच ओळखली. तो पुटपुटला, "ताई... आज रविवार हाये ना?"

"हो रे."

"मंग हा कायले आला?"

मी लोट्यातलं पाणी चमच्याने त्याला पाजलं. त्याने एक घोट घेतला, अर्धा गळ्यावर ओघळला. माझा हात बाजूला करत तो म्हणाला, "त्याले बी दे. तो बी लहानच होता."

आता तो लोटा माझ्याकडे आहे. दर रविवारी सकाळी मी तो भरून ओसरीत ठेवते, शेजारी घरातला एक स्टीलचा ठेवते. कोणता कोणासाठी हे मी ठरवत नाही. दुपारी बघावं तर एक भरलेलाच असतो, एक थेंब सांडलेला नसतो. दुसरा आडवा होऊन कोपऱ्यात गेलेला असतो, फरशी ओली. सून म्हणते मांजर असेल. आमच्याकडे मांजर आहे खरी. मी फरशी पुसते आणि आईसारखीच ओरडते, "लोटा तं सरळ ठेव ना रे बापा!"