धामणीची कात आणि चार फूट अकरा इंच

धनुष्याला काल वॉर्निशचा तिसरा हात दिला. बांबूच्या पाठीवर धामणीची कात चिकटवली आहे. विहिरीपाशी सापडलेली ती कात भिजवून, एकही सुरकुती न ठेवता बसवायला दोन रविवार गेले. वॉर्निश लागताच खवल्यांची एकेक रेघ उजळली.

धनुष्य मुलीसाठी. नववीत ती शाळेच्या मैदानावर बाण मारायची. "बाबा, मला एक बनवून द्या ना," म्हणायची. तेव्हा मी तिला भिंतीशी हात पसरून उभी केली आणि दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांशी पेन्सिलीने खुणा केल्या. अंतर चार फूट अकरा इंच. त्याच मापाने धनुष्य केलं, फक्त अकरा वर्षं उशिरा.

बायको बघून म्हणाली, "अहो, हे कुणाच्या मापाचं? ती आता माझ्याहून उंच झालीये!"

मी टेप लावून पाहिला. खुणा अचूक होत्या.

कातीवर डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टिकल्याही असतात. जीव पुढे निघून जातो, माप तेवढं मागे राहतं.

आज फोनवर तिला खरं ते सांगितलं, "धनुष्य वाळलंय, पण तुला लहान पडेल."

ती हसली. "मग नवं माप द्यायला यावं लागणार, बाबा."

कधी, ते तिने सांगितलं नाही. पेन्सिलीला टोक काढून ती भिंतीपाशी ठेवली आहे.